बॅटरीची मापे आणि गाड्यांची नावे

बीडहून दक्षिणेकडे निघालेली गाडी घाट चढून मांजरसुंब्याला आली, की तिथे तिला रस्ता निवडावा लागतो. सरळ गेले तर धाराशिव आणि सोलापूर. उजव्या हाताला पाटोदा-जामखेड. डाव्या हाताला नेकनूर, केज, अंबाजोगाई. अशा नाक्यावर नाना तऱ्हेची वाहने थांबतात, आणि वाहने थांबली की त्यांच्याविषयी बोलणेही होतेच. ट्रॅक्टर असला तर लोक विचारतात, "किती एचपीचा?" ट्रक असला तर, "किती टन ओढतो?" आणि हिरव्या नंबरपाटीची, विजेवर चालणारी गाडी असली तर हमखास पहिला प्रश्न येतो, "एकदा चार्ज केली की किती पळते?"

ह्या प्रश्नाचे उत्तर मोठे फसवे असते. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. कंपनी एक, पत्रा एक, पुढचे तोंडही एक. पण एकीचा मालक दोनशे किलोमीटर सांगतो, दुसरीचा तीनशे. किमतीतला फरक लाखांच्या घरात. मग हा फरक आहे कुठे? बॅटरीत, मोटरीत, की नुसत्या नावात? कर्ज काढून गाडी घेणाऱ्याने हे समजून घेतले पाहिजे. आणि दुसऱ्याने वापरलेली जुनी गाडी घेणाऱ्याने तर नक्कीच. आज ह्या गोष्टीचा थोडा मागोवा घेऊ.

सुरुवातीला दोन मापे पक्की करून ठेवू, म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही. आपल्या विहिरीवर पाच एचपीचा पंप असतो. एचपी म्हणजे त्याचा जोर. तोच जोर किलोवॅटमध्ये सांगायचा तर सुमारे पावणेचार किलोवॅट. आणि महिन्याअखेर वीज बिलावर जे युनिट येतात, ते म्हणजे त्या जोराने किती वेळ काम झाले त्याचा हिशेब. एक किलोवॅटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट. विजेच्या गाडीतही हेच दोन आकडे असतात. मोटर किती किलोवॅटची, हा जोर. बॅटरीत किती युनिट मावतात, हा साठा. तीस युनिटांची बॅटरी म्हणजे काय? तेवढ्या विजेवर आपला पाच एचपीचा पंप आठ तासांच्या आसपास चालेल. कंपन्या ह्या युनिटालाच किलोवॅट-तास म्हणतात. नाव भारदस्त, वस्तू मात्र आपल्या बिलावरचीच.

आता डिझेलच्या जमान्यात कंपन्या एकाच गाडीच्या निरनिराळ्या पायऱ्या कशा पाडीत, ते आठवा. इंजिन लहान-मोठे करीत. किंवा इंजिन तेच ठेवून डिझेल पंपाची सेटिंग बदलीत आणि पंपाला सील ठोकीत. एकाच इंजिनाचे दोन एचपी आणि दोन किमती, ही गोष्ट ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला नवी नाही. टाकीवरून मात्र कोणी गाडीची पायरी ठरवीत नसे. टाकी थोडी मोठी म्हणून गाडी दोन लाखांनी महाग, असे कोणी ऐकले आहे काय? विजेच्या गाडीत नेमके तेच झाले. तिथे टाकीच सर्वांत महाग वस्तू ठरली, आणि टाकीवरून गाडीचे नाव, किंमत, पल्ला आणि पुष्कळदा जोरही ठरू लागला.

हे काही आजचे नाही. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते ह्याने १८५९ साली पुन्हा पुन्हा भरता येणारी शिसे आणि तेजाबाची बॅटरी तयार केली. आपल्या ट्रॅक्टरमध्ये आणि घरच्या इन्व्हर्टरमध्ये बहुधा असते ती तिचीच वंशज. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या बॅटरीवर गाड्या धावू लागल्या. १८९९ साली बेल्जियमच्या कामी झेनात्सी ह्याने पॅरिसजवळ विजेची गाडी ताशी शंभर किलोमीटरच्या वर पळविली. रस्त्यावरच्या वाहनाने शंभराचा आकडा ओलांडला तो पहिल्यांदा विजेवर, पेट्रोलवर नव्हे! पण तो थोड्या अंतराचा खेळ होता. जोर होता, साठा नव्हता.

पुढे अमेरिकेत डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाच्या गाड्या १९०७ सालापासून निघाल्या. गाडीबरोबर शिशाची बॅटरी मिळे. पण १९११ सालापासून गिऱ्हाईकाला दुसरी निवडही मिळू लागली. थॉमस एडिसन ह्याने तयार केलेली निकेल आणि लोखंडाची बॅटरी हवी असेल तर सहाशे डॉलर जास्त द्यावे लागत. गाडी तीच, पेटी वेगळी, किंमत वेगळी. म्हणजे आज दुकानात जी निवड आपल्यापुढे ठेवतात, तिला शंभराहून अधिक वर्षे झाली. पल्ल्याच्या आकड्याचा वादही तितकाच जुना. ह्या गाड्यांचा पल्ला जाहिरातीत सुमारे १३० किलोमीटर सांगत. एका चाचणीत मात्र गाडी एका भरणीत ३४० किलोमीटर चालली. चाचणी कोण करतो, कोणत्या वेगाने करतो आणि कोणत्या रस्त्यावर करतो, ह्यावर आकडा नाचतो. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, हँडल न मारता चालू होणारी इंजिने आली, आणि विजेच्या गाड्या मागे पडल्या.

आपल्या देशात ह्या गोष्टीला खरा आरंभ झाला तो बंगळुरात. चेतन मैनी ह्यांच्या पुढाकाराने तिथे रेवा नावाची चिमुकली गाडी तयार झाली आणि २००१ साली बाजारात आली. तिच्यात सहा-सहा व्होल्टच्या आठ शिशाच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असत. सगळ्या मिळून ४८ व्होल्ट. पल्ला ८० किलोमीटरचा सांगत. लंडनमध्ये ही गाडी जी-विझ नावाने बरीच खपली. मग २००९ साली त्याच रेवामध्ये लिथियमची बॅटरी घातली आणि पल्ला १२० किलोमीटरवर गेला. गाडीचा आकार तोच राहिला. बॅटरी बदलली की गाडीच नवी होते, हे आपल्याकडे प्रथम दिसले ते इथे.

ह्याच कंपनीने २००९ साली आणखी एक युक्ती जाहीर केली. तिच्याकडे त्या वेळी गंमत म्हणून पाहिले गेले असेल, पण माझ्या मते पुढच्या साऱ्या गोष्टीचे बीज तिच्यात आहे. बॅटरीतला थोडा साठा कंपनीने मुद्दामच राखून ठेवायचा. चालकाला काटा शून्यावर दिसेल, गाडी थांबायला येईल. तेव्हा त्याने कंपनीला फोन किंवा संदेश करायचा, की तिकडून दुरूनच तो राखीव साठा मोकळा करायचा, म्हणजे गाडी घरापर्यंत पोहोचेल. ह्या सोयीला त्यांनी रिव्हाइव्ह असे नाव दिले. पुढे २०१० साली ही कंपनी महिंद्राकडे आली आणि २०१३ साली निघालेल्या ई-टू-ओ गाडीत ही सोय प्रत्यक्ष मिळू लागली. हेतू चांगला, अडल्यानडल्याला उपयोगी. पण पाहा, त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली: गाडी आपल्या दारात, बॅटरी आपल्या गाडीत, आणि तिच्या एका भागाची किल्ली मात्र कंपनीच्या हातात.

महिंद्रानेच २०१६ साली ई-टू-ओ प्लस काढली, तेव्हा तिच्या पायऱ्या पाडल्या. खालच्या पायऱ्यांना ४८ व्होल्ट आणि १९ किलोवॅटची मोटर. सर्वांत वरच्या पायरीला ७२ व्होल्ट आणि ३० किलोवॅट. इथे मोटर आणि बॅटरी दोन्ही बदलल्या होत्या. फरक उघड आणि खणखणीत.

आता आपल्या भागाकडे येऊ. आपल्याकडून अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे नगर, तिथून शिरूर असे करीत पुण्याला जाताना रांजणगाव लागते. महागणपतीचे रांजणगाव. तिथल्या कारखान्यात टाटांची नेक्सॉन गाडी तयार होते. तिचा विजेवरचा अवतार जानेवारी २०२० मध्ये बाजारात आला: बॅटरी ३०.२ युनिटांची, जोर १२९ हॉर्सपॉवरचा, आणि पल्ला ३१२ किलोमीटर. हा आकडा पुण्याच्या ए.आर.ए.आय. ह्या वाहन-संशोधन संस्थेच्या प्रमाणपत्रातला. बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी भरेल ते.

लोकांनी गाड्या घेतल्या, आणि तक्रारही सुरू झाली की ३१२ काही भरत नाहीत. एका मालकाच्या तक्रारीवरून मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारने ह्या गाडीवरचे अनुदान थांबविले. पुढे दिल्लीच्या उच्च न्यायालयाने त्या हुकमाला स्थगिती दिली. खरे-खोटे काय? प्रमाणपत्राची चाचणी रस्त्यावर होत नाही, फिरत्या रुळांवर होते. ठरावीक क्रमाने थांबत, निघत, हळू चालत, आणि कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. आपण धुळे-सोलापूर महामार्गावर शंभराने गाडी हाणायची आणि प्रमाणपत्राचा आकडा मागायचा, तर तो कसा मिळणार? आकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्याच प्रकारच्या चालीचा होता. पण गिऱ्हाईकाला हे दुकानात कोणी सांगत नव्हते, आणि तिथे गिऱ्हाईकाची तक्रार रास्त होती असे मला वाटते. २०२४ सालापासून टाटांनी आपणहून दुसरा, लहान आकडा सांगायला सुरुवात केली. बहुतेक चालकांना प्रत्यक्षात किती पल्ला मिळतो, तो आकडा. ४५ युनिटांच्या नेक्सॉनला प्रमाणपत्राचा पल्ला ४८९ आहे, आणि प्रत्यक्षातला म्हणून कंपनी सांगते ३५० ते ३७०. चांगले झाले.

पण आपण पुढे गेलो. मधली पायरी राहिली. मे २०२२ मध्ये नेक्सॉन मॅक्स आली. बॅटरी ४०.५ युनिटांची, म्हणजे एक तृतीयांशाने मोठी, जोर १४३ हॉर्सपॉवर, पल्ला ४३७. दोनच महिन्यांत जुन्या ३०.२ च्या गाडीला प्राइम असे नाव मिळाले. मग सप्टेंबर २०२३ मध्ये गाडीचा चेहरा बदलला, तेव्हा मॅक्स आणि प्राइम ही नावे गेली आणि एक मध्यम पल्ल्याची व दुसरी लांब पल्ल्याची अशी नवी नावे आली. आणखी वर्षाने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ४५ युनिटांची आली. म्हणजे पाच वर्षांच्या आत एका गाडीच्या बॅटरीची तीन मापे आणि नावांचे बारसे किती वेळा, ते तुम्हीच मोजा. जुन्या बाजारात नुसती नेक्सॉन म्हणून कोणी सांगितले तर त्याला अर्थ उरत नाही.

महिंद्राच्या एक्सयूव्ही ४०० चे उदाहरण तर याहून बोलके आहे. ही गाडी नाशिकला तयार होते; जानेवारी २०२३ मध्ये आली. ईसी आणि ईएल अशा दोन पायऱ्या. ईसीला ३४.५ युनिटांची बॅटरी, ईएलला ३९.४ युनिटांची. जोर दोघींचा सारखाच, १५० हॉर्सपॉवर. मग कमी किमतीच्या गाडीला काय कमी केले? साठा थोडा कमी केला, आणि आणखी एक गोष्ट: गाडीतला चार्जर. ईसीला तो ३.३ किलोवॅटचा, ७.२ चा हवा असेल तर पन्नास हजार रुपये जास्त. भागाकार करून पाहा. ३४.५ युनिट ३.३ ने भरायचे तर साडेदहा तास नुसते गणिताने होतात, आणि गळती धरून त्याहून बरेच जास्त. रात्री दहाला लावली तर सकाळची शाळा भरून जाईल! उलट ७.२ ने निम्म्याहून कमी वेळ.

इथे गावच्या माणसाने एक सावधगिरी ठेवावी. ७.२ किलोवॅटचा चार्जर साध्या पॉवर प्लगवर चालत नाही. त्याला जाड वायर लागते, वेगळा स्विच लागतो, अर्थिंग चोख लागते, आणि घराच्या मीटरचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. हे नसेल तर पन्नास हजार देऊन घेतलेला चार्जर घरी नुसता शोभेला. शहरातले गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून पाडलेल्या पायऱ्या आपल्या वायरिंगला लागू पडतातच असे नाही.

आणि नावांचे पुन्हा तेच. जानेवारी २०२४ मध्ये ह्या गाडीची प्रो आवृत्ती आली, तेव्हा ईएल प्रो ही दोन्ही बॅटऱ्यांत मिळू लागली. म्हणजे २०२३ च्या ईएलला मोठी बॅटरी नक्की. २०२४ च्या ईएलला ती असेल किंवा नसेलही. नुसती दोन अक्षरे वाचून पैसे मोजणारा फसला तर नवल नाही.

आता मुख्य प्रश्न. बॅटरी लहान केली की गाडीचा जोरही कमी करणे, ही व्यापाऱ्याची लबाडी की निसर्गाचा नियम? ह्यासाठी एक सोपी कसोटी आहे. शिक्षकमंडळींनी ती वर्गात उदाहरण म्हणून घालावी, मुलांना आवडेल. मोटरीच्या किलोवॅटला बॅटरीच्या युनिटांनी भागायचे. म्हणजे बॅटरीच्या एका युनिटावर किती किलोवॅटचे ओझे पडते ते कळते. टाटांची टियागो २०२२ च्या सप्टेंबरमध्ये विजेवर आली. लहान बॅटरी १९.२ युनिट, जोर ४५ किलोवॅट. मोठी बॅटरी २४ युनिट, जोर ५५ किलोवॅट. पहिला भागाकार २.३४ येतो, दुसरा २.२९. जवळजवळ एकच! म्हणजे कंपनीने दोन्ही बॅटऱ्यांवर सारखेच ओझे टाकले आहे. बॅटरी म्हणजे पुष्कळ लहान सेलांची मांडणी. एका बैलजोडीने जेवढे ओढायचे तेवढेच ओढावे. जोड्या कमी असतील तर नांगरही लहान घ्यावा. लहान बॅटरीकडून मोठीचा जोर काढला तर सेल तापतात, लवकर म्हाताऱ्या होतात. तेव्हा लहान टियागो शून्यापासून ताशी ६० चा वेग गाठायला ६.२ सेकंद घेते आणि मोठी ५.७, ह्यात मला तरी फसवणूक दिसत नाही.

पुण्याजवळ चाकणला तयार होणारी महिंद्राची बी ई ६ घ्या, २०२४ च्या नोव्हेंबरातली. ५९ युनिटांवर १७० किलोवॅट, ७९ वर २१०. भागाकार २.८८ आणि २.६६. इथेही साधारण प्रमाण राखले आहे, मोठीवर ओझे थोडे हलके. आपल्या एक्सयूव्ही ४०० मध्ये मात्र दोघींचा जोर एकच, सुमारे ११० किलोवॅट. म्हणून लहान बॅटरीवर ३.१९ आणि मोठीवर २.७९. तेव्हा कमी किमतीच्या गाडीत तोच जोर मिळतो म्हणून आनंद मानणाऱ्याने हेही पाहावे, की तिथे बॅटरीची प्रत्येक सेल अधिक राबते. गाडी बिघडेल असे मी म्हणत नाही. कंपनीने ते मोजूनच केले असणार. पण फुकट काही मिळालेले नाही.

ही झाली निसर्गाची बाजू. दुसरी बाजू कुलपाची.

अमेरिकेच्या टेस्ला कंपनीने २०१६ साली मॉडेल एस ६० नावाची गाडी विकली. नावाप्रमाणे बॅटरी साठ युनिटांची समजायची. पण आत प्रत्यक्ष पंचाहत्तर युनिटांची बॅटरी होती. वरचे पंधरा युनिट संगणकाच्या आज्ञावलीने बंद करून ठेवलेले. नंतर पैसे भरले की कुलूप निघे. गाडी कारखान्यात न्यावी लागत नसे, बॅटरीला हात लागत नसे. ही गोष्ट जगभर गाजली ती सप्टेंबर २०१७ मध्ये. फ्लॉरिडावर इर्मा नावाचे चक्रीवादळ आले, लोक घरे सोडून निघाले, आणि कंपनीने त्या भागातल्या अशा गाड्यांची कुलपे दुरूनच काही दिवसांसाठी काढली. पुष्कळांनी शाबासकी दिली. काहींनी विचारले, की वादळ येईपर्यंत ती वीज कोणाची होती?

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की असे कुलूप मालकाच्या फायद्याचेही असते. लिथियमची बॅटरी रोज काठोकाठ भरली तर झिजते. ज्याच्या बॅटरीचा वरचा पाचवा हिस्सा बंदच आहे, त्याची बॅटरी शंभर टक्के भरली तरी ती खरी ऐंशी टक्केच भरलेली. ती टिकते जास्त. पण मालक ते वजन रोज वाहून नेतो, हेही तितकेच खरे.

हे दूरच्या देशातले झाले म्हणाल, तर आपल्या पुण्याचे उदाहरण आहे. बजाजची चेतक स्कूटर १९७२ सालची. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ती होती. तेच नाव घेऊन जानेवारी २०२० मध्ये विजेची चेतक आली. २०२३ च्या अखेरीस तिची अर्बेन ही पायरी निघाली, बॅटरी २.९ युनिटांची. साध्या अर्बेनचा कमाल वेग ताशी ६३ किलोमीटर. पण टेकपॅक नावाची जोड पैसे भरून घेतली, की तीच स्कूटर ताशी ७३ पळते; शिवाय चढावर मागे न घसरण्याची सोय, उलटे चालण्याची सोय, अशाही गोष्टी मिळतात. बॅटरी तीच, मोटर तीच. वाढलेले दहा किलोमीटर आज्ञावलीतून आले. पंपाचे सील तोडण्याची जुनीच गोष्ट, फक्त आता सील लोखंडाचे नाही आणि मिस्त्रीच्या पान्याने तुटत नाही. कंपनीने हे छापून, सांगून विकले, लपविले नाही. म्हणून तिला दोष देता येत नाही. घेणाऱ्याला मात्र ठाऊक असावे की तो ह्या वेळी लोखंड किंवा लिथियम विकत घेत नाही, परवानगी विकत घेतो.

आज्ञावलीने द्यायचेही असते, नुसते अडवायचे नसते. जुलै २०२२ मध्ये टाटांनी नेक्सॉनच्या बावीस हजारांहून जास्त जुन्या मालकांना ब्रेकमधून वीज परत मिळवण्याच्या निरनिराळ्या पायऱ्या आणि आणखी काही सोयी मोफत दिल्या. २०२३ च्या फेब्रुवारीपासून मॅक्सच्या मालकांना असाच बदल करून मिळाला, आणि प्रमाणपत्राचा पल्ला ४३७ वरून ४५३ झाला. एकही सेल न वाढविता सोळा किलोमीटर!

ब्रेकमधून वीज परत मिळते म्हटले, तर आपल्या घाटाचा हिशेब करू. घाटाला भिऊन पुष्कळ जण म्हणतात, विजेची गाडी मांजरसुंब्याचा घाट चढली की बॅटरी निम्मी. तसे होत नाही. माणसांसह सतराशे किलोची गाडी शंभर मीटर उंच चढवायला नुसत्या वजनापोटी अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज लागते; नासाडी धरून अर्ध्याच्या थोडी वर. तीस युनिटांपुढे ते काय? उतरताना त्यातला काही भाग परतही मिळतो. बॅटरी खरी खातो तो वारा. वेग ऐंशीवरून शंभर केला की वाऱ्याचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. घाटात हळू चाललेल्या गाडीपेक्षा चौपदरी रस्त्यावर सुसाट निघालेली गाडी लवकर रिकामी होते.

आणि आपले ऊन. जपानच्या निसान कंपनीची लीफ गाडी २०१० च्या डिसेंबरात आली, चोवीस युनिटांची. पुढे तिची बॅटरी ३०, ४० आणि ६२ युनिटांपर्यंत वाढली. पण तिच्या बॅटरीला पाण्याने थंड ठेवण्याची सोय नव्हती, आणि अमेरिकेतल्या ॲरिझोनासारख्या तापट वाळवंटी भागात पहिल्या गाड्यांचा साठा लवकर घटला. २०१२ साली त्यावरून मोठी ओरड झाली. मराठवाड्यातल्या मे महिन्याचा अनुभव असणाऱ्याला ह्याचे मर्म समजावून सांगायला नको. नेक्सॉनमध्ये बॅटरी थंड ठेवायला द्रव खेळविला आहे, आणि तिच्या सेल लोह-फॉस्फेटच्या जातीच्या आहेत. ही जात वजनाला जरा जड, पण उष्णता सोसायला बरी.

राहिला जुन्या गाडीत मोठी बॅटरी घालण्याचा प्रश्न. ट्रॅक्टरची बॅटरी आपण दुकानातून आणतो आणि पान्याने बसवितो, तसे इथे का नाही? जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने २०१६ साली काही देशांत तसे केले होते. आय-३ गाडीच्या जुन्या मालकांना २२ युनिटांची बॅटरी काढून ३३ ची बसवून दिली. कारण दोन्ही पेट्यांची बाहेरची मापे सारखी होती. पण हा अपवाद. पेटी गाडीच्या तळाला जखडलेली, थंडाव्याच्या नळ्या तिच्यातून गेलेल्या, आज्ञावली त्याच पेटीला ओळखणारी. आणि पेटीची किंमत गाडीच्या मानाने अफाट. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीत मनाला येईल तो फेरफार करता येत नाही. म्हणून ३०.२ युनिटांची गाडी घेतली ती ३०.२ चीच राहणार, हे धरून चालावे. वर्षे गेली की त्याहून कमी.

किती कमी, हे मात्र विचारता येते. कंपनीच्या सेवा केंद्रात यंत्र लावले की मूळ साठ्यापैकी किती टक्के शिल्लक आहे ते कळू शकते. जुनी गाडी घेताना रंग आणि टायर पाहण्याआधी हा आकडा लेखी मागावा. हमीचा कागदही नीट वाचावा. अलीकडे काही गाड्यांवर बॅटरीची आयुष्यभराची हमी देतात, पण ती पहिल्या मालकापुरती असते. महिंद्राच्या २०२४ च्या गाड्यांत मालक बदलला की ती दहा वर्षे किंवा दोन लाख किलोमीटरवर येते. पहिल्या नेक्सॉनला तर सुरुवातीपासूनच आठ वर्षांची हमी. २०२० साली रस्त्यावर आलेल्या त्या गाड्यांची मुदत २०२८ साली संपायला लागेल, आणि तोवर त्यांतल्या कित्येक गाड्या पुण्या-मुंबईच्या पहिल्या मालकांकडून निघून आपल्या तालुक्यांत आलेल्या असतील.